‘पाणसळ’ आणि ‘ढाळ’ : परसातील कृत्रिम हिरवळीविषयी

पुण्यात एरंडवणे, प्रभात रस्ता, सहकारनगर या भागांतील काही बंगल्यांची परसे अद्याप मोकळी राहिली आहेत. त्यांपैकी काहींत अलीकडे कृत्रिम हिरवळीची छोटी क्रीडांगणे तयार होऊ लागली आहेत. वरकरणी हे काम गालिचा अंथरण्याइतके सोपे भासते. वस्तुतः त्याचे यशापयश गालिच्याखाली ठरते, आणि तेथे यजमान व गवंडी यांच्यातील शब्दव्यवहारात शिरणारी एक संदिग्धता सर्व खर्च अक्षरशः पाण्यात घालू शकते. प्रस्तुत लेखात मुख्यतः या संदिग्धतेचा विचार करावयाचा आहे.

प्रथम नावाविषयी थोडेसे. इंग्रजी ‘टर्फ’ या शब्दाचा मूळ अर्थ मुळांसह खणून काढलेला गवताळ मातीचा थर. संस्कृत ‘दर्भ’ हा त्याचा सगोत्र होय. ‘दश’–‘टेन’, ‘दन्त’–‘टूथ’ या जोड्यांत दिसणारा दकार-टकारांचा संबंध येथेही आहे. 1966 साली ह्यूस्टन येथील ॲस्ट्रोडोम या क्रीडागृहात कृत्रिम गवत अंथरले गेले आणि त्यावरून ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे नाव रूढ झाले. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच अशा पृष्ठभागावर खेळली गेली व भारत सातव्या स्थानी राहिला. मराठी वृत्तपत्रांचा वाचक त्यानंतर या शब्दाला चांगलाच परिचित झाला. आज पुण्याच्या तरुणांच्या बोलीत ‘टर्फ’ म्हणजे गवत नव्हे, तर तासाच्या भाड्याने मिळणारे जाळीबंद मैदान. अर्थविस्ताराचे इतके ठळक उदाहरण वर्गात सांगण्यास सोयीचे आहे. दर्भाच्या या आप्ताने अखेर प्लास्टिकच्या धाग्याचे वाचक व्हावे, ही गंमत निराळी. असो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. एरंडवण्यातील एका परसात असे काम चालू असता यजमान मुकादमास वारंवार सांगत होते, ‘सगळे एकदम लेव्हल करा.’ मुकादमाने शांतपणे विचारले, ‘साहेब, मग ढाळ कुठं द्यायचा?’ या एका प्रश्नात सगळे शास्त्र आलेले आहे. पृष्ठभागाचे तीन गुण येथे परस्परांपासून वेगळे करावे लागतात. खाचखळगे व उंचवटे नसणे म्हणजे सपाटपणा. सरळ पट्टी टेकवून तो तपासतात. क्षितिजाशी समांतर असणे हा दुसरा गुण. गवंडी त्याला ‘पाणसळीत असणे’ म्हणतात, कारण स्थिर पाण्याची पातळी हेच त्याचे प्रमाण. तिसरा गुण ढाळ, म्हणजे पाणी वाहून जावे म्हणून हेतुपूर्वक ठेवलेला उतार. ‘लेव्हल’ या शब्दात पहिले दोन गुण एकवटतात आणि तिसरा लुप्त होतो. ‘समतल’ हा ग्रांथिक शब्दही याच दोषाने ग्रस्त आहे. या प्रसंगी कारागिराची परिभाषा विद्वानांच्या परिभाषेहून काटेकोर ठरते, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. क्रीडांगण सपाट हवे, पण पाणसळीत असता कामा नये.

का, ते आकड्यांनी स्पष्ट होईल. बॅडमिंटनचे दुहेरीचे अंगण 13.4 मीटर लांब व 6.1 मीटर रुंद असते. (हा खेळ एके काळी या शहराच्याच, म्हणजे ‘पूना’ या नावाने ओळखला जात असे, वाऱ्यामुळे उघड्यावर तो तितकासा रंगत नाही, परंतु परसात बहुधा एवढीच जागा मिळते.) हे क्षेत्र सुमारे 82 चौरस मीटर भरते. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर सुमारे 4,100 लिटर पाणी पडते. रुंदीच्या दिशेने शंभरास एक या प्रमाणात एकाच बाजूस ढाळ दिला, तर दोन्ही कडांच्या उंचीत केवळ 6 सेंटिमीटरांचा फरक पडतो. खेळणाऱ्याला तो जाणवतही नाही, पाण्याला मात्र पुरेसा होतो. अर्थात ढाळाची दिशा घराच्या जोत्यापासून दूर असली पाहिजे, आणि शेजाऱ्याच्या कुंपणाकडेही नव्हे. कडेला चर काढून पाणी शोषखड्ड्यात किंवा पावसाळी गटारात न्यावे.

पुण्याच्या सखल व नदीकाठच्या भागांत काळी माती आढळते. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, व तिच्याबरोबर वरचा थरही हलतो. म्हणून ती काढून टाकून शक्य तर घट्ट मुरमापर्यंत जावे. त्यावर खडीचे थर, मोठी खाली व बारीक वर या क्रमाने, पाणी मारून व रोलर फिरवून दाबावेत, आणि शेवटी दगडाची कच पसरावी. अशा पायातून पाणी झिरपते. त्यामुळे खोदाईच्या तळालाही ढाळ हवा, अन्यथा ते खालीच साचून उरलीसुरली माती फुगविते. हा तळाचा ढाळ सर्रास विसरला जातो. काँक्रीटच्या कोब्यावर गालिचा घातल्यास पाणी झिरपत नाही. तेथे वरचा ढाळ हाच एकमेव उपाय.

गालिच्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. त्याच्या पट्ट्या फितीवर डिंक लावून सांधतात, पांढऱ्या रेषा कापून बसवितात, आणि पाती उभी राहावीत म्हणून त्यांत कोरडी, गोल कणांची वाळू झाडूने भरतात. ओलसर वाळू आत उतरत नाही व ओल्या पायावर डिंक धरत नाही. यास्तव दिवाळीनंतर खोदाई करून मृगापूर्वी काम संपविणे इष्ट. उन्हाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. प्रखर उन्हात असे पृष्ठभाग 60 अंश सेल्सिअसपेक्षाही अधिक तापल्याच्या नोंदी परदेशांत झाल्या आहेत, आणि एप्रिलमधील दुपारी लहान मुलांना त्यावर अनवाणी सोडणे धोक्याचे आहे. पाणी शिंपडल्याने थोडा वेळच गारवा येतो. आंब्याची सावली उपयोगी पडते, परंतु तिच्याबरोबर पाने व मोहोरही पडतो. तो नित्य झाडून काढला नाही तर कुजून वाळूत मुरतो, गालिच्याच्या तळाची छिद्रे बुजवितो, आणि मग ढाळ असूनही पाणी वरच थांबते.