हूल कधी द्यायची? पोकरचं गणित आणि आपला गाळा

भावताव करण्याच्या व्हिडिओत मी पोकरमधल्या ब्लफचा विषय दोन मिनिटांत उरकला. तो दोन मिनिटांचा विषय नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. आधीच सांगतो, पैसे लावून खेळा असं मी अजिबात म्हणत नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणलीय आणि आपल्याकडे जुगारबंदीचा कायदा १८८७ पासूनचा आहे. शेंगदाणे लावून खेळा, गणित तेच राहतं.

नो-लिमिट होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात. आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. दर टप्प्याला बोली लागते. नो-लिमिट म्हणजे तुमची पाळी आली की तुम्ही समोरचा सगळा ढीग एकदम पुढे ढकलू शकता. तीन पत्ती खेळलेल्यांना अर्धा खेळ इथेच कळला असेल. फरक एवढाच की तीन पत्तीत सगळंच झाकलेलं असतं. इथे पाच पानं उघडी असतात आणि तुमची हूल त्या पाच पानांशी जुळावी लागते.

आता हिशोब. मधल्या ढिगात १,००० आहेत, तुमच्या हातात काहीच नाही, आणि तुम्ही ५०० लावले. समोरचा पॅक झाला तर १,००० तुमचे, नाही झाला तर ५०० गेले. म्हणजे तीनपैकी एकदा जरी तो पॅक झाला तरी बरोबरी होते. १,००० साठी १,००० लावले तर दोनपैकी एकदा तरी तो पॅक व्हायला हवा. ‘मला वाटतं तो घाबरेल’ हा हिशोब नाही. किती लावतोय, किती मिळणार आणि तो दहापैकी किती वेळा पॅक होईल, हा हिशोब.

हेच आपल्या धंद्यात बघा. समजा पडेगावात मेन रोडला तुमचा गाळा आहे, करार ११ महिन्यांचा. मालक महिन्याला २,००० वाढवून मागतोय. तुम्ही म्हणता, “काका, नाही जमणार, मी मिटमिट्याला गाळा बघितलाय.” बघितलेला नाही! हूल चालली तर ११ महिन्यांचे २२,००० वाचले. पण काका म्हणाले, “बरं, एक तारखेला चावी आणून द्या,” तर? फर्निचर काढा, पुन्हा बसवा, नवा बोर्ड, हलवाहलव, दोन महिने तुटलेलं गिऱ्हाईक, नवं डिपॉझिट जमवायची धावपळ. धरा ६६,०००. म्हणजे २२,००० साठी तुम्ही ६६,००० लावताय. चारपैकी तीनदा चालली तरच बरोबरी. आणि शब्द फिरवून तिथेच राहिलात तर पुढच्या वर्षी काका ३,००० मागणार, कारण तुम्ही हलत नाही हे त्यांना कळलं.

मोंढ्यात होलसेलरला “शेठ, दुसरीकडे डझनामागे १० रुपये कमी आहे” म्हणणं त्यामानाने स्वस्त. नाही चाललं तर थोडं हसू होतं, माल तिथूनच घ्यायचा. अर्थात एकदाच. शेठची स्मरणशक्ती आपल्या वहीपेक्षा पक्की असते.

हूल चालते ती गोष्ट जुळते म्हणून. २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट सॅमी फराह या मुरलेल्या खेळाडूसमोर होता. उघड्या पाच पानांत तीन इस्पिकची होती. मनीमेकरकडे शेवटी फक्त राजा, जोडीही नाही. फराहकडे नव्व्यांची जोडी होती. पण मनीमेकरने चौथ्या पानावरच बोली वाढवली होती, त्यामुळे शेवटी सगळं पुढे ढकललं तेव्हा त्याच्याकडे मोठं काहीतरी आहे हे पटण्यासारखं होतं. फराहने जिंकणारी पानं टाकली. मनीमेकरने पुढे ती स्पर्धा आणि २५ लाख डॉलर जिंकले.

आपल्याला तर पन्हाळा माहीतच आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने चार महिने वेढा आवळून धरला होता. महाराजांनी शरण येतो असा निरोप पाठवला, आणि तो पटला, कारण इतके दिवस कोंडलेला माणूस दुसरं काय करणार असंच बाहेरून दिसत होतं. वेढा ढिला पडला आणि भर पावसात महाराज विशाळगडाकडे निघाले. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद होते. त्यांनी आणि बाजीप्रभूंनी जिवाची किंमत मोजली. सगळं पणाला लागलं होतं म्हणून दिलेली ती हूल होती, डझनामागच्या १० रुपयांसाठी नाही.

किती जणांसमोर हूल देताय तेही बघा. एक जण दहापैकी सहा वेळा पॅक होतो असं धरलं, तर तिघं एकदम पॅक होण्याची शक्यता २२ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून चार व्यापारी बसलेत तिथे, किंवा डीलरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हूल देऊ नका. आणि काही माणसं कधीच पॅक होत नाहीत. तीन पत्तीत दर हाताला “दाखव!” म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांच्यासमोर चांगली पानं आली की जोरात लावायचं, नाहीतर गप्प बसायचं.

मला स्वतःला पटते ती अर्धी हूल. पोकरमध्ये तिला सेमी-ब्लफ म्हणतात, हे नाव डेव्हिड स्क्लान्स्कीने रूढ केलं. आत्ता हातात काही नाही, पण एका रंगाची चार पानं जमलीत आणि अजून दोन उघडायचीत. रंग जमायची शक्यता साधारण ३५ टक्के. समोरचा पॅक झाला तर उत्तम, नाही झाला तरी पान येऊ शकतं. गाळ्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की काकांकडे जायच्या आधी खरंच मिटमिट्याला जा, दोन गाळे बघा, भाडं आणि डिपॉझिट लिहून आणा. तिथे जायची तुमची पूर्ण इच्छा नसेल, चालेल. मग काकांना आकडा सांगा आणि थांबा. “सोडतो” म्हणू नका. “विचार करतोय काका, तुम्ही सांगा” एवढंच. काका फोन करून खात्री करतील. करू द्या.