ख्रिस्ती युगांतविचारातील ‘रॅप्चर’ : संकल्पनेचा उगम व अर्थ

ख्रिस्ती धर्मातील युगांतविषयक श्रद्धांची चर्चा करताना ‘रॅप्चर’ ही संकल्पना सर्व पंथांना मान्य आहे, असे अनेकदा गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. येशू ख्रिस्ताचे पुनरागमन, मृतांचे पुनरुत्थान आणि अंतिम न्याय यांवर बहुतेक पंथांची श्रद्धा आहे. परंतु पुनरागमनापूर्वी श्रद्धावंतांना अकस्मात आकाशात उचलून घेतले जाईल आणि मागे राहिलेल्या जगावर सात वर्षांचे महासंकट कोसळेल, ही मांडणी एकोणिसाव्या शतकातील आहे. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरा ती स्वीकारीत नाहीत.

या मांडणीला प्रामुख्याने आधार घेतला जातो तो पौलाने इ. स. 50 च्या सुमारास थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा. प्रभू लवकरच परत येणार, अशी त्या मंडळीची अपेक्षा होती. दरम्यान काही जण मरण पावले. ते त्या सोहळ्याला मुकणार काय, ही मागे उरलेल्यांची व्यथा होती. पौल लिहितो की, मृत प्रथम उठतील आणि मग जिवंतांना त्यांच्यासह मेघांत प्रभूच्या भेटीसाठी उचलून नेले जाईल. या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करावे. काळवेळेविषयी लिहिण्याची गरज नाही, असेही तो लगेच पुढे म्हणतो. उचलून नेण्यासाठी त्याने वापरलेल्या ग्रीक क्रियापदाच्या लॅटिन भाषांतरातून ‘रॅप्चर’ हा शब्द आला. मात्र ‘भेट’ या अर्थाचा ‘अपान्तेसिस’ हा शब्द अधिक बोलका आहे. नगराकडे येणाऱ्या मान्यवराला नागरिक वेशीबाहेर सामोरे जात आणि सन्मानाने आत आणीत, त्या प्रसंगी तो योजला जाई. सीमांतपूजनाची प्रथा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगावयास नको. त्यामुळे येथे पृथ्वी सोडून जाणे अभिप्रेत नसून येणाऱ्या राजाला घेऊन परतणे अभिप्रेत आहे, असे अनेक अभ्यासक मानतात.

अँग्लिकन धर्मगुरुपद सोडून प्लिमथ ब्रदरन चळवळीत आलेल्या जॉन नेल्सन डार्बी (1800-1882) याने या उताऱ्याची सांगड दानीएलाच्या ग्रंथातील सत्तर सप्तकांशी घातली. एकोणसत्तर सप्तके संपली, शेवटचे म्हणजे सात वर्षांचे सप्तक शिल्लक आहे आणि चर्चचा काळ हा मधला खंड आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. सांत्वनाच्या वचनाला अशा रीतीने वेळापत्रकात स्थान मिळाले. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने 1909 मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्कोफील्ड बायबलमुळे हा विचार अमेरिकेत घरोघरी पोहोचला. तेथे टिपा मूळ वचनांच्याच पानावर छापलेल्या असत. सामान्य वाचकाच्या मनात वचन आणि भाष्य यांतील सीमारेषा पुसट झाली असल्यास नवल नाही. 1995 पासून निघालेल्या ‘लेफ्ट बिहाइंड’ कादंबरीमालेने उरलेले काम केले.

डार्बीने तारीख दिली नव्हती, हे त्याच्या मताच्या प्रसाराचे एक कारण होय. विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही पुनरागमनाची तारीख मानली होती आणि त्यांची घोर निराशा झाली होती. तरीही गणिताचा मोह सुटला नाही. अमेरिकन नभोवाणीवरील प्रवचनकार हॅरॉल्ड कॅम्पिंग याने श्रद्धावंतांना उचलून घेतले जाण्याचा दिवस म्हणून 21 मे 2011 जाहीर केला. काही अनुयायांनी आपली बचत त्याच्या प्रचारावर खर्च केली. तो दिवस कोणालाही ठाऊक नाही, या मत्तयाच्या शुभवर्तमानातील वचनाकडे टीकाकार लक्ष वेधीत होते. त्यांचेच म्हणणे बरोबर होते, अशी लेखी कबुली कॅम्पिंगने 2012 मध्ये दिली.