मिरी, मिरची आणि इतिहास

राजे, सेनापती आणि मुत्सद्दी यांच्या पराक्रमाने इतिहास घडतो, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. परंतु मलबारच्या दमट सावलीत आंब्याफणसांच्या खोडांना बिलगून वाढणाऱ्या मिरीच्या वेलीने जगाच्या इतिहासास जे वळण दिले, ते पुष्कळ सम्राटांनाही साधले नाही. तिच्या घोसांतले हिरवे दाणे उन्हात वाळून काळे, सुरकुतलेले होतात. त्याच दाण्यांच्या व्यापारावर अरब आणि व्हेनिसचे सौदागर गबर झाले, आणि त्यांचा मक्ता मोडण्याच्या ईर्षेने पोर्तुगीज दर्यावर्दी वास्को द गामा १४९८ साली कालिकतच्या किनाऱ्यास लागला.

पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्याच गलबतांतून अमेरिका खंडातील मिरची आणि काजू हिंदुस्थानात उतरले. मिरीला मलबारसारखा भरपूर पाऊस व उष्ण, दमट हवा लागते. मिरची मात्र देशावरच्या कोरड्या परसातही रुजते. म्हणूनच लसूण, मीठ आणि मिरची पाट्यावर रगडून केलेला ठेचा गरिबाच्या भाकरीचा हक्काचा सोबती झाला. साम्राज्ये लयास गेली, जकातनाकी उठली; मिरची राहिली. वनस्पतींना वगळून लिहिलेला मानवाचा इतिहास अपुराच होय.