घामाचं शास्त्र (लेखांक 6) : थर लावणं आणि उतरवणं

मागच्या लेखात कबड्डीतली तीस सेकंदांची चढाई पाहिली. चढाईपटूचे स्नायू सारखे आखडतात आणि सैलावतात, त्यामुळे त्यांत रक्त खेळतं राहतं. आजचा खेळ याच्या अगदी उलट. गुरुपौर्णिमेला नारळ वाढवून गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. खोताच्या वाडीच्या बोळांत थर लावण्याइतकी जागा नाही. पण गिरगावातल्या चाळींच्या चौकांत रात्री कामावरून परतलेली पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढू लागतात. 2022 मध्ये राज्य सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. मग या पोरांच्या शरीराचा विचारही खेळाडूच्या शरीरासारखाच व्हायला हवा.

खालच्या थरातला गोविंदा हलत नाही, आणि त्याचं दमणं तिथूनच सुरू होतं. आखडून धरलेला स्नायू स्वतःतल्याच रक्तवाहिन्या दाबतो. भार कमाल ताकदीच्या निम्म्याच्या पुढे गेला की रक्तपुरवठा जवळजवळ थांबतो आणि स्नायूला आतल्या शिलकीवर भागवावं लागतं. रोमर्ट या जर्मन संशोधकानं 1960 मध्ये याचा हिशेब मांडला. कमाल ताकदीच्या निम्मा भार माणूस ढोबळमानानं एक मिनिट पेलतो. तीस टक्के भार मात्र अडीच मिनिटांच्या आसपास. म्हणजे खांद्यावरचं वजन तेच राहिलं आणि गोविंदाची ताकद वाढली, तर त्याचा टिकाव ताकदीपेक्षा किती तरी जास्त वाढतो. रोज रात्री नुसते थर लावत राहण्यापेक्षा पाय, कंबर आणि खांद्यांचा वेगळा व्यायाम जास्त फळ देईल, असं मला ठामपणे वाटतं. अडचण वेळेची आहे. गुरुपौर्णिमा ते गोपाळकाला जेमतेम साडेपाच आठवडे. एवढ्या काळात वाढणारी ताकद बरीचशी मज्जासंस्थेची असते. आहे तेच स्नायू जास्त नेमकेपणानं कामाला लागतात. स्नायू भरायला महिने लागतात. हा व्यायाम होळीपासूनच सुरू व्हावा.

स्थिर भार पेलताना रक्तदाब झपाट्यानं चढतो, श्वास कोंडला तर आणखीच. म्हणून तळातल्यांनी छोटे छोटे श्वास चालू ठेवावेत.

स्पेनमधल्या कातालोनियात असेच मानवी मनोरे रचतात. 2010 मध्ये युनेस्कोनं त्यांना वारशाच्या यादीत घेतलं. तिथं मनोरा नुसता उभा राहिला तर पूर्ण श्रेय मिळत नाही. तो सुखरूप उतरवला तरच मिळतं. शरीरशास्त्राच्या दृष्टीनं हा नियम फार शहाणपणाचा आहे. थर उतरतात तेव्हा तळातले पाय आधीच थकलेले असतात आणि भार नेमका तेव्हाच हलू लागतो. वरून उतरणाऱ्याच्या मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात. असं काम स्नायूतंतूंना सगळ्यात जास्त दुखावतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात त्या यामुळे. दोष लॅक्टिक आम्लाला दिला जातो, पण ते तास-दीड तासात निघून गेलेलं असतं. दुखणं मात्र एक ते तीन दिवसांनी कळसाला पोचतं. जोरदार सरावानंतर एक-दोन दिवस हलका व्यायाम ठेवला, तर त्याला आळस म्हणू नये.

आता प्रत्यक्ष दिवस. अष्टमीचा उपास, मध्यरात्रीच्या कृष्णजन्मापर्यंत जागरण, आणि सकाळी ट्रकमध्ये चढून पथक निघतं. रात्रभराच्या उपाशीपणात यकृतातली साखरेची साठवण बरीच संपलेली असते. श्रद्धेला धक्का न लावता एवढं करता येईल : जन्म झाल्यावर उपास सोडताना पोटभर भात, आणि सकाळी निघण्यापूर्वी पोहे, केळी. श्रावणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. घोळक्याच्या मधोमध तर वाराही लागत नाही. अंगावर ओतलेलं पाणी तहान भागवत नाही, म्हणून ट्रकमध्ये मीठ-साखरेचं लिंबू सरबत हवं. साठ किलोच्या मुलाचं घामानं सव्वा किलो वजन घटलं, तरी त्याचा दम कमी होऊ लागतो.

दोन सलाम्यांमध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्यावीत. स्नायूतली झटपट शक्तीची शिलक तीन ते पाच मिनिटांत बहुतेक भरून येते; लांबलेल्या थरानंतर पूर्ण जोर परतायला त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात मटकन खाली बसू नये, हातपाय हलवत फिरावं. दाबलेल्या वाहिन्या मोकळ्या होऊन रक्त वेगानं आत येतं, त्याला चालण्यानं हातभार लागतो. आयोजकांनी ध्वनिक्षेपकावरून पुढच्या पथकाला घाई करू नये. आणि पथकाच्या प्रशिक्षकानं, तळातल्या एकाचेही पाय थरथरताना दिसले, तर बक्षिसाचा आकडा कितीही मोठा असो, त्या हंडीला एक थर कमी लावावा.

जागरणाचा विषय आज अर्धाच राहिला. स्टॅनफर्डच्या बास्केटबॉलपटूंना काही आठवडे जास्त झोपायला लावलं, तेव्हा त्यांची धाव आणि नेम दोन्ही सुधारले. 2011 सालच्या त्या अभ्यासापासून पुढचा लेख सुरू करू.