सिंहासनाखालची गोष्ट

अद्भुतरम्य कादंबरी म्हटली की आपल्यातले बरेचजण नाक मुरडतात. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या कादंबऱ्या वाचकांनी एके काळी आवडीने वाचल्या, पुढे वास्तववाद आला आणि त्या मागे पडल्या, असे आपण वर्गात शिकतो. अद्भुत म्हणजे कादंबरीचे बालपण, असे मीही मानीत होते. गेल्या सुट्टीत एक जाडजूड इंग्रजी कादंबरी हाती आली आणि हे मत मला बदलावे लागले.

सॅमंथा शॅनन या ब्रिटिश लेखिकेची ‘द प्रायरी ऑफ द ऑरेंज ट्री’ ही ती कादंबरी. २०१९ साली ती प्रसिद्ध झाली. पाने आठशेहून अधिक. तीत ड्रॅगन आहेत, जादू आहे, समुद्रापलीकडची राज्ये आहेत. परंतु मला खिळवून ठेवले ते सब्रान नावाच्या राणीने.

सब्रान ही इनिस देशाची राणी. तिच्या घराण्याचा मूळ पुरुष गॅलियन. त्याने ‘नामहीन’ नावाच्या महाभयंकर ड्रॅगनला जिंकले, आणि जोवर त्याचा वंश चालेल तोवर तो ड्रॅगन बंदिस्त राहील, अशी प्रजेची श्रद्धा आहे. या घराण्यात प्रत्येक राणीला एकच मुलगी होते व तीच पुढे राणी होते. म्हणजे राणीची कूस हीच राज्याची तटबंदी! सब्रानला मात्र विवाहाची ओढ नाही, बाळंतपणाची धास्ती आहे. हे ती बोलणार कोणापाशी?

दरबारातील कारस्थानाचे मूळ येथे आहे. रात्री राणीच्या महालात मारेकरी शिरतात. त्यांना पाठविणारी व्यक्ती शत्रुराज्यातील नसून दरबारातीलच निघते, आणि तिचा हेतू असा की, राणीला धाक बसावा व तिने लवकर वारस द्यावा. पुढे राणी विवाह करते, पती मारला जातो, गर्भही जातो. आता मूल होणे नाही असे कळताच, काल वाकून मुजरा करणारेच तिला सिंहासन सोडायला सांगतात. राणी बदललेली नसते. तिचा ‘उपयोग’ तेवढा संपलेला असतो.

आणि ज्या श्रद्धेपायी हे सारे घडले ती श्रद्धाच खोटी निघते! दक्षिणेकडील लोक तीच कथा वेगळी सांगतात. ड्रॅगनला हरविले ते राजकन्या क्लिओलिंडने, गॅलियनने नव्हे. वंशाचा आणि त्या बंधनाचा काही संबंध नाही. सेंट जॉर्ज आणि ड्रॅगन यांची जुनी ख्रिस्ती कथा लेखिकेने येथे उलटी केली आहे. मूळ कथेत राजकन्या बळी म्हणून उभी असते आणि जॉर्ज नगरवासीयांना म्हणतो, बाप्तिस्मा घ्या, मग ड्रॅगनला मारतो. लेखिकेने राजकन्येच्याच हाती तलवार दिली. कथा कोण सांगतो यावर राज्य कोणाचे हे ठरते, हा या कादंबरीचा गाभा आहे असे मला वाटते.

हे सारे काल्पनिक म्हणून सोडून द्यावे काय? १८४८ साली साताऱ्याचे आणि १८५४ साली झाशीचे राज्य खालसा झाले, तेव्हा कंपनी सरकारनेही ‘औरस वारस नाही’ हेच कारण पुढे केले होते. तेथेही दत्तकविधान मानायचे की नाही, हे सत्ताधाऱ्यांनीच ठरविले.

इतके दूर तरी कशाला जावे? माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला पाच वर्षे झाली. ती शाळेत गणित शिकविते, तिच्या हाताखालून कितीतरी मुली पुढे गेल्या. पण सणाला घरी आली की ओटीवरून पहिला प्रश्न येतो, “काय गं, काही विशेष?” ती हसते आणि स्वयंपाकघरात जाते. एकदा मी तिच्यामागे गेले. ती ओट्यापाशी नुसतीच उभी होती. सब्रानची पाने वाचताना मला तो ओटा दिसत होता.

सब्रान पुढे काय करते ते मी सर्व सांगणार नाही. एवढेच सांगते, की घराण्याची कथा खोटी ठरल्यावरही ती राणीच राहते. ज्या पूर्वेकडील देशांना तिच्या धर्माने पापी ठरविले होते, त्यांच्यापुढे ती मैत्रीचा हात करते, कारण संकट खरे आहे आणि प्रजा वाचवायची आहे. तिचे राणीपण कुशीत नव्हते, निर्णयात होते.

कादंबरी लांबलेली आहे, अनेक नावांचा गोंधळही होतो, हे दोष मान्य. तरी अद्भुताला वास्तवाचे वावडे असते असे मी आता म्हणणार नाही. ते पुस्तक मी बहिणीकडे पाठविले आहे.