पांघरुणाचा चाप आणि कमरेची आकडी

सोपाऱ्याचे नाव 'पेरिप्लस' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात येते. त्या काळी पाश्चात्त्य लोक लोकरी पांघरूण खांद्यावर चापाने अडकवीत. आमचे मात्र ओचा, निरी आणि गाठ यांवर भागे. चापाची विद्या तरी आमच्या लोहाराला परकी नाही.

गज भट्टीत नारिंगी होईतो तापवावा, ऐरणीवर ठोकून टोकांकडे निमुळता करावा, टोकांच्या गुंडाळ्या कराव्यात आणि तोंड उघडे ठेवून त्याचे कडे वळवावे. लोखंड काळवंडले की हातोडा थांबवावा; नवशिका येथेच घाई करतो. सुईचे डोके चपटे करून कड्याभोवती सैल गुंडाळावे. सुई कापडातून काढून फटीतून वर घ्यावी, कडे जरा फिरवावे, की चाप बसला! डाख नको, मळसूत्र नको. कापडाचा ताणच त्याला धरून ठेवतो.

वसईत माडावर चढणाऱ्याच्या कमरेची आकडी ही आम्हांस या चापाची भावकीच वाटते. चाप सुटला तर थंडी वाजेल. आकडी दगा देईल तर कोयता खालच्याच्या डोक्यावर येईल. म्हणून पाणी द्यायचे ते कोयत्याच्या धारेला. आकडी पोलादाची असल्यास तिला कडक पाणी देऊ नये. ती वाकली तर चालेल, तुटता कामा नये.