मोकळी मेमरी आणि उपलब्ध मेमरी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवल्यानंतर, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी सुस्थितीतील संगणक त्यामुळे एकाएकी जुने ठरल्यानंतर, उबुंटू, लिनक्स मिंट किंवा फेडोरा यांपैकी एखादी लिनक्स प्रणाली अशा यंत्रावर बसवून पाहण्याचा विचार सामान्य वापरकर्तेही करू लागले आहेत. नवी प्रणाली बसवल्यावर तिची मेमरी दाखवणारी खिडकी उघडणे हे अनेकांचे पहिले काम असते, आणि तेथील आकडे पाहून बहुधा दोन शंका येतात. एकही प्रोग्राम उघडलेला नसताना दीड-दोन गिबिबाइट मेमरी कोणी वापरली, ही पहिली. आणि संगणक काही वेळ वापरल्यावर ‘मोकळी’ मेमरी घटत घटत अगदी थोडी उरते आणि प्रोग्राम बंद केल्यावरही तिच्यात फारशी भर पडत नाही, ती कोठे गळते, ही दुसरी. पहिल्या शंकेत थोडे तथ्य आहे. दुसरी मात्र ‘मोकळी’ या आकड्याला त्याच्या योग्यतेपेक्षा अधिक महत्त्व दिल्यामुळे निर्माण होते.

रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, आणि तिची वाटणी करण्याचे काम लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्राची सर्व साधने ताब्यात ठेवणारा प्रणालीचा गाभा, करत असतो. ही वाटणी एकेका बाइटने होत नाही. कर्नल रॅमचे सारख्या आकाराचे तुकडे पाडतो आणि त्यांना पाने म्हणतो. नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर एका पानाचा आकार ४ किबिबाइट, म्हणजे ४,०९६ बाइट, असतो. त्यामुळे ८ गिबिबाइट रॅममध्ये २०,९७,१५२ पाने होतात. प्रत्येक पान कोणाकडे आहे याची नोंद ठेवण्यासाठी कर्नल साधारणपणे ६४ बाइट खर्च करतो, आणि केवळ या नोंदवहीला १२८ मेबिबाइट लागतात. प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेली ग्राफिक्स व्यवस्था आणि मदरबोर्डवरील फर्मवेअर हेही आपापला वाटा आधीच बाजूला काढतात. म्हणूनच ८ गिबिबाइट रॅम असलेल्या यंत्रावर ‘एकूण’ या सदरात ७.६ किंवा त्याच्या आसपासचा आकडा दिसतो. त्यात गोंधळ आणखी वाढतो तो मापांचा: काही साधने १,०२४ च्या पटीतील गिबिबाइट मोजतात, तर काही १,००० च्या पटीतील गिगाबाइट, आणि एकाच यंत्राचे ७.६ गिबिबाइट दुसऱ्या खिडकीत ८.२ गिगाबाइट म्हणून उभे राहतात.

आता दुसऱ्या शंकेकडे आधी वळणे सोयीचे आहे, कारण तिचे उत्तर मिळाल्याखेरीज पहिलीतील आकडा वाचता येत नाही. रॅममधील माहिती प्रोसेसरच्या हाती येण्यास साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरून तीच माहिती आणण्यास त्याच्या शेकडो ते हजार पट, आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून आणण्यास सुमारे लाख पट वेळ लागतो. एवढी तफावत असताना डिस्कवरून एकदा वाचलेली फाईल काम झाल्याबरोबर रॅममधून पुसून टाकणे हा शुद्ध अपव्यय ठरेल. म्हणून कर्नल वाचलेल्या फाईलींची पाने रॅममध्ये राहू देतो, आणि या साठ्याला पेज कॅश म्हणतात. लिबरऑफिस किंवा फायरफॉक्स पहिल्यांदा उघडताना लागणारा वेळ दुसऱ्या खेपेस लक्षणीयरीत्या कमी होतो, तो मुख्यतः या साठ्यामुळे. साठ्यातील बहुतेक पाने डिस्कवरील मजकुराच्या हुबेहूब प्रती असल्यामुळे एखाद्या प्रोग्रामला मेमरी हवी झाली की कर्नल त्या प्रती तत्काळ टाकून देतो. ज्या पानांत बदल झाला आहे पण जी अजून डिस्कवर लिहिली गेलेली नाहीत, तेवढीच आधी लिहून घ्यावी लागतात. तेव्हा लिनक्समध्ये ‘मोकळी’ मेमरी म्हणजे जिचा अद्याप कशासाठीही उपयोग झालेला नाही अशी मेमरी, आणि ती कमी असणे हे यंत्र व्यवस्थित वापरले जात असल्याचे लक्षण आहे.

हा हिशेब ‘फ्री’ या छोट्या आज्ञेने टर्मिनलमध्ये पाहता येतो. समजा, ८ गिबिबाइटच्या यंत्रावर तिने एकूण ७.६, मोकळी ३.९ आणि बफर-कॅश २.१ असे आकडे दाखवले, तर वजाबाकीने वापरात असलेली मेमरी १.६ गिबिबाइट ठरते. मोकळी आणि कॅश यांची बेरीज ६.० होते, पण त्याच ओळीच्या शेवटी असलेल्या ‘अव्हेलेबल’, म्हणजे उपलब्ध, या सदरात कदाचित ५.७ च दिसतील. याचे कारण असे की कॅश म्हणून मोजलेला सगळाच साठा टाकून देण्याजोगा नसतो. तात्पुरत्या फाईली डिस्कऐवजी रॅममध्येच ठेवणारी टीएमपीएफएस नावाची व्यवस्था आणि अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती सामाईक मेमरी यांची गणनाही कॅशमध्येच होते, मात्र त्यांची प्रत डिस्कवर कोठेही नसल्यामुळे ती पाने सहज फेकता येत नाहीत. शिवाय अडीअडचणीसाठी कर्नल थोडी मेमरी नेहमी राखून ठेवतो. या साऱ्या वजावटी करून, स्वॅपचा, म्हणजे डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेचा, आधार न घेता नव्या प्रोग्रामना किती मेमरी देता येईल याचा अंदाज कर्नलनेच करावा, ही सोय रिक व्हॅन रील यांनी केलेल्या बदलामुळे २०१४ मध्ये कर्नलच्या ३.१४ या आवृत्तीत आली. त्यापूर्वी वापरकर्त्याला मोकळी आणि कॅश यांची बेरीज स्वतः करून समाधान मानावे लागे, आणि टीएमपीएफएसचा वापर वाढत गेला तसतशी ती बेरीज फसवी ठरू लागली होती.

एवढ्यावरही एकवाक्यता नाही. ‘फ्री’च्या अलीकडच्या आवृत्त्या ‘वापरात’ हा आकडा एकूणातून उपलब्ध वजा करून काढतात. त्या रीतीने वरच्याच यंत्राची वापरातील मेमरी १.६ ऐवजी १.९ गिबिबाइट होते. दोन लिनक्स प्रणालींपैकी अमुक एक तीनशे मेबिबाइटने ‘हलकी’ असल्याचे दावे वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे, कारण तो फरक कधी कधी प्रणालींतील नसून मोजणाऱ्या साधनांतील असतो.

आता पहिली शंका. नव्या प्रणालीने काहीही न उघडता वापरलेल्या मेमरीचा मोठा वाटा डेस्कटॉप वातावरणाचा असतो, म्हणजे खिडक्या, पट्ट्या, मेनू आणि सूचना पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रामसमूहाचा. उबुंटू आणि फेडोरा यांच्या मुख्य आवृत्त्यांतील ग्नोम या वातावरणात पडद्यावरील प्रत्येक खिडकीचे चित्र एकत्र जुळवण्याचे काम आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला दर्शनी भाग ही दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये चालतात, आणि प्रोसेसच्या यादीत ती बहुतेक वेळा सर्वांत वर असते. तिच्या मागोमाग अद्ययावत आवृत्त्या शोधणारे सॉफ्टवेअर केंद्र, फाईलींची शोधसूची तयार करणारा प्रोग्राम, दिनदर्शिका आणि संपर्कांची माहिती सांभाळणारी सेवा, छपाई, ब्लूटूथ, आणि उबुंटूवर स्नॅप पॅकेजांची सेवा अशी मंडळी येतात. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ही सुटसुटीत वातावरणे यांतील बरेच काही वगळतात आणि त्यामुळे काही शे मेबिबाइट वाचतात. २ गिबिबाइटच्या यंत्रावर ही बचत निर्णायक असते, १६ गिबिबाइटच्या यंत्रावर ती जाणवतही नाही.

नव्या प्रणालीच्या बाबतीत मोजण्याची वेळही महत्त्वाची आहे, आणि याकडे सहसा दुर्लक्ष होते. पहिल्या बैठकीत शोधसूची तयार करणारा प्रोग्राम वापरकर्त्याच्या फाईली चाळत असतो आणि सॉफ्टवेअर केंद्र पॅकेजांच्या याद्या उतरवून घेत असते, त्यामुळे त्या काळातील वापर प्रणालीच्या नेहमीच्या वापराहून जास्त असू शकतो. पेन ड्राइव्हवरून, न बसवता चालवलेल्या प्रणालीवर केलेले मोजमाप तर तुलनेसाठी निरुपयोगीच म्हटले पाहिजे, कारण तेथे नव्याने लिहिलेली प्रत्येक फाईल सहसा रॅममध्येच साठवली जाते.

एखाद्या प्रोग्रामने नेमकी किती मेमरी घेतली, हा प्रश्न साधा वाटला तरी त्याला एकच उत्तर नाही. प्रत्येक प्रोसेसला कर्नल स्वतंत्र, आभासी पत्त्यांचा एक विस्तीर्ण पट देतो आणि त्यातील ज्या पत्त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल त्याच्यामागेच खऱ्या रॅमचे पान उभे करतो. ही कल्पना मँचेस्टर विद्यापीठात घडलेल्या आणि १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ॲटलस या संगणकापासून चालत आलेली आहे. ‘टॉप’ या आज्ञेतील व्हर्च्युअल हे सदर त्या पटाची लांबी सांगते, म्हणून क्रोम ब्राउझरच्या एकेका प्रोसेससमोर तेथे टेराबाइटचा आकडा दिसला तरी घाबरण्याचे कारण नाही. रेसिडेंट हे सदर रॅममध्ये खरोखर हजर असलेली पाने मोजते आणि म्हणून अधिक विश्वसनीय वाटते, पण त्यातही एक मेख आहे. सी भाषेची मूलभूत लायब्ररी किंवा खिडक्यांची बटणे रेखाटणारी जीटीके लायब्ररी रॅममध्ये एकदाच येते आणि कितीतरी प्रोसेस तिची तीच पाने वापरतात. चाळीच्या मजल्यावरील सामाईक नळ प्रत्येक बिऱ्हाडाने आपल्या मालमत्तेत पूर्ण धरला तर मजल्यावर जितकी बिऱ्हाडे तितके नळ निघतील, तशीच गत रेसिडेंट आकड्यांची बेरीज केल्यास होते आणि ती बेरीज वापरातील मेमरीच्या पुढे जाऊ शकते. यावर उपाय म्हणून पीएसएस हे माप वापरतात, ज्यात सामाईक पानाचा भार ते वापरणाऱ्या प्रोसेसमध्ये समान वाटला जातो. एसमेम हे साधन ते दाखवते, परंतु ते मोजायला वेळ आणि श्रम अधिक लागत असल्यामुळे नेहमीच्या खिडक्यांत ते क्वचितच आढळते. पीएसएसची बेरीज योग्य येते, तथापि प्रोग्राम बंद केल्यावर तेवढीच मेमरी परत मिळेल असे मात्र नाही, कारण सामाईक पाने इतरांसाठी मागे राहतात.

स्वॅपविषयीही असेच गैरसमज आहेत. फाईलीतून आलेली पाने टाकून देता येतात, परंतु प्रोग्रामने चालता चालता स्वतः निर्माण केलेल्या माहितीची प्रत डिस्कवर नसते. अशी पाने रॅममधून हलवायची तर त्यांच्यासाठी डिस्कवर राखून ठेवलेली जागा लागते आणि तिला स्वॅप म्हणतात. तासन्‌तास न वापरलेली पाने तेथे पाठवून ती जागा उपयुक्त कॅशला देणे हे कर्नलचे विचारपूर्वक केलेले काम आहे, म्हणून स्वॅपमध्ये शे-दोनशे मेबिबाइट पडून असणे हा दोष नव्हे. फेडोराने २०२० मधील ३३ व्या आवृत्तीपासून झेडरॅम ही पद्धत डेस्कटॉपवर मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारली. तिच्यात स्वॅपची पाने डिस्कवर न जाता दाबून, संक्षिप्त करून रॅममध्येच ठेवली जातात, त्यामुळे तेथे स्वॅपचा आकडा दिसला तरी डिस्कचा संबंध आलेला नसतो. चिंता करावी ती पानांची ये-जा सतत चालू राहिली तर. ‘व्हीएमस्टॅट’ या आज्ञेच्या स्वॅप-इन आणि स्वॅप-आउट या स्तंभांत ती दिसते, आणि कर्नलच्या २०१८ मधील ४.२० या आवृत्तीपासून तर मेमरीची वाट पाहण्यात प्रोसेसचा किती टक्के वेळ वाया गेला हे सांगणारे मापही उपलब्ध झाले आहे. मेमरीची टंचाई हाताबाहेर गेली, तर कर्नल अखेरचा उपाय म्हणून एखादी मोठी प्रोसेस निवडून ती बंद पाडतो, आणि ती बहुधा ब्राउझरची असते.

कॅश रिकामी करणाऱ्या आज्ञा आणि ‘रॅम क्लीनर’ म्हणून मिरवणारे प्रोग्राम यांचे मूल्य या पार्श्वभूमीवर ठरवता येते. कर्नलमध्ये कॅश टाकून देण्याची सोय २००६ पासून आहे, पण ती चाचणीसाठी आहे. ती रोज वापरल्यास मोकळ्या मेमरीचा आकडा फुगतो आणि टाकलेली प्रत्येक फाईल पुन्हा डिस्कवरून वाचावी लागल्यामुळे यंत्र मंदावते.

उबुंटू २४.०४ साठी किमान ४ गिगाबाइट रॅमची शिफारस आहे, आणि लिनक्स मिंट किमान २ व आरामशीर वापरासाठी ४ सांगते; या आकड्यांत प्रणाली सुरळीत चालते, मात्र पंधरा-वीस टॅब उघडलेला ब्राउझर त्यांत गृहीत धरलेला नाही, आणि आज सामान्य डेस्कटॉपवर सर्वाधिक मेमरी खाणारा प्रोग्राम तोच आहे. म्हणून नव्या प्रणालीची पारख तिच्या रिकाम्या पडद्यावरून करू नये. एक-दोन दिवस नेहमीचे काम करावे, नेहमीचे सर्व प्रोग्राम उघडे असताना ‘उपलब्ध’ या सदरातील आकडा पाहावा, आणि तो एकूण रॅमच्या दहा टक्क्यांखाली जाऊन स्वॅपची ये-जा थांबत नसेल, तर डेस्कटॉप वातावरण बदलण्याच्या खटाटोपाआधी मदरबोर्डवर रॅमची एखादी जागा रिकामी आहे का ते तपासावे.